वाडीवर जाण्याआधी: रायगडातल्या आदिवासींवर संशोधन करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

जूनमध्ये कॉलेजं उघडली की माझा फोन वाजायला लागतो. "मॅडम, कातकरी समाजावर काहीतरी करायचंय." कुणी एमएसडब्ल्यूचं, कुणी पब्लिक हेल्थचं, कुणी पीएचडीला नाव नोंदवून बसलेलं. मुलं चांगली असतात, तळमळही खरी असते. पण त्या "काहीतरी"ची मला धास्ती वाटते.

सुधागड तालुक्यातल्या एका वाडीवर एका आजोबांनी कारवीच्या कुडाला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली होती. आत रेशनकार्ड, आधारकार्ड, नातवाचं लसीकरणाचं कार्ड, आणि चार वेगवेगळ्या संशोधनांची चार संमतिपत्रं. चारींवर आजोबांचा अंगठा. मला म्हणाले, "बाय, यातला घरकुलाचा कुठला?"

एकही नव्हता. चार टोळ्या येऊन माहिती घेऊन गेल्या होत्या आणि म्हाताऱ्याने त्यांचे कागद रेशनकार्डाइतक्याच जपून ठेवले होते. तेव्हापासून नवख्यांना मी एवढंच सांगते, की तुम्ही जो कागद तयार कराल तो फिरून वाडीवर येतो. कधी दावा मंजूर करायला, कधी दाखला अडवायला, कधी गुन्हा नोंदवायला. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या कागदासाठी आहेत.

आधी ठरवा, नेमकं कुणाबद्दल बोलताय

"कोकणातले आदिवासी" असा विषय नसतो. पालघरला गेलात तर वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, धोडिया, दुबळा भेटतील. रायगडात मुख्यतः कातकरी आणि ठाकूर, काही भागांत महादेव कोळी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वस्त्या विरळ. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी ओळखले जातात. कर्जत-खालापूरच्या डोंगरातला ठाकूर आणि तो, नावं जवळची पण जगणं वेगळं. दोघांना एका तक्त्यात बसवू नका.

सगळ्यात जास्त घोळ "कोळी" या शब्दाचा. किनाऱ्यावरचे सोनकोळी अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. महादेव कोळी, मल्हार कोळी, ढोर कोळी, टोकरे कोळी ही नावं यादीत आहेत. एका विद्यार्थिनीने मुरूडच्या कोळीवाड्यात रक्तदाब मोजले आणि संदर्भ म्हणून महादेव कोळ्यांवरचे लेख लावले. आकडे बरोबर होते, माणसं चुकली होती. सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

शब्दांचंही तसंच. सरकारी कागदावर "अनुसूचित जमाती", चळवळीत "आदिवासी", काही संघटनांच्या तोंडी "वनवासी". "मूलनिवासी" म्हटलं की महाराष्ट्रात वेगळंच बहुजन राजकारण डोळ्यांपुढे येतं. परदेशी नियतकालिकाला लेख पाठवताना "इंडिजिनस" हा शब्द आपसूक येतो. पण भारताची अधिकृत भूमिका अशी, की इथले सगळेच नागरिक मूळचे. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिलं ते ही भूमिका कायम ठेवून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा जुना १०७ क्रमांकाचा करार आपण १९५८ मध्ये स्वीकारला, १९८९ चा १६९ क्रमांकाचा नाही. म्हणून "इंडिजिनस" लिहिलंत तर कोणत्या अर्थाने लिहिलंय ते एका परिच्छेदात सांगा.

कातकरी हे देशातल्या ७५ "विशेष असुरक्षित आदिवासी गटां"पैकी एक. महाराष्ट्रात असे तीनच: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २००६ पर्यंत या गटांना "आदिम जमाती" म्हणत आणि तालुक्याच्या कचेरीत अजूनही तोच शब्द चालतो. वाडीवर मात्र स्वतःला आदिम म्हणवणारं कुणी भेटत नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात कातकऱ्यांची लोकसंख्या २ लाख ८५ हजारांच्या आसपास होती. नाव कातावरून आलं. खैराचं लाकूड उकळून कात काढणारे ते काथोडी, कातकरी. जंगलाचे कायदे आवळत गेले, खैर हाताबाहेर गेला आणि ज्या धंद्यावरून नाव पडलं तो धंदा बुडाला. आता त्याच माणसांच्या हाताला वीटभट्टी आणि कोळसाभट्टी. नाव एका कामाचं आणि पोट दुसऱ्या कामावर, हे ध्यानात ठेवलंत तर "पारंपरिक व्यवसाय" या रकान्यात काय भरायचं यावर जरा थांबाल.

आणि हो, "कातोडी" हा शब्द शेजारच्या गावातल्या माणसाच्या तोंडून आला की तो बहुतेक वेळा शिवीसारखा असतो. वाडीलाच विचारा, तुम्ही स्वतःला काय म्हणवता. तेच लिहा.

जुनी कागदपत्रं वाचा, आणि ती आज कशी वापरली जातात तेही बघा

कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर १८८३ चं आहे. कुलाब्याचा रायगड झाला १९८१ मध्ये, म्हणून ग्रंथालयात "रायगड" शोधलंत तर जुनं काही हाती लागणार नाही. इंग्रजी अमलातल्या वर्णनांत एकेका जातीला एकेक स्वभाव चिकटवून टाकायची खोड आहे. ते वाचा, पण तुमच्या प्रस्तावनेत उतरवून काढू नका. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत एक चक्कर मारा. १९६२ पासूनची ही संस्था, तिथलं ग्रंथालय आणि संग्रहालय दोन्ही बघण्यासारखी.

आता एक गोष्ट, जी संशोधनपद्धतीच्या तासाला सहसा कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात जमातीचा दाखला नुसता मिळून चालत नाही, पडताळणी समितीकडून वैधताही लागते. त्या तपासात दक्षता पथक घरी येऊन विचारतं: कुलदैवत कोणतं, लग्नात कोणते विधी, मयताला काय करता, बोलीतले शब्द कोणते. उत्तरं ताडून बघितली जातात ती छापील वर्णनांशी. म्हणजे कुण्या अभ्यासकाने कधीकाळी लिहून ठेवलेल्या पानांशी. त्यांच्याशी जुळलं नाही की दाखला अडकतो आणि मेडिकलला लागलेल्या पोराचं वर्ष वाया जातं.

मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की ही आप्तभावाची चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, ती काही प्रत्येक प्रकरणात लावायलाच हवी असंही नाही, आणि १९५० पूर्वीच्या कागदपत्रांचं पुराव्यातलं वजन मोठं. तरीही तुमचं वाक्य कुणाच्या फाइलमध्ये जाऊन बसेल ते सांगता येत नाही. "ठाकूर लोक अमुक देव पूजतात" असं ठोकून देऊ नका. कोणत्या तालुक्यातल्या किती वाड्यांवर, कोणत्या साली, कुणी सांगितलं ते लिहा. ज्या घरी वेगळं दिसलं तेही लिहा. रेडिओ-टीव्ही, शाळा, स्थलांतर, शेजारची कुणबी आणि आगरी गावं यांनी विधी बदलतात, आणि विधी बदलले म्हणून माणसाची जमात बदलत नाही.

उलटंही घडतं. वनहक्क कायदा म्हणजे जंगलजमीन कसणाऱ्यांना तिच्यावर हक्क मागू देणारा कायदा. त्याच्या नियमांत, १३ व्या नियमात, दाव्याचा पुरावा म्हणून जी यादी आहे तिच्यात गॅझेटियर, जनगणना, वडीलधाऱ्यांचे जबाब यांच्याबरोबर नामांकित संस्थांनी केलेल्या रूढी-परंपरांच्या नोंदीही धरल्या आहेत. डोंगरावरच्या कुठल्या पट्ट्यात कोण राब भाजत होतं, वरी-नाचणी कुणाची होती, कंद कुठून आणत, हे नीट तारखांसह लिहिलंत तर उद्या ते कुणाच्या सातबाराला हातभार लावेल. रायगडात इंग्रजी काळापासूनच्या "दळी" जमिनी आहेत. जंगलखात्याने कसायला दिलेल्या, पण मालकीच्या कधीच न झालेल्या. त्या जमिनींचा तोंडी इतिहास जाणणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. विषयच शोधत असाल तर हा घ्या.

परवानग्या

हे रटाळ आहे, पटकन उरकते. आरोग्याशी संबंधित काही करत असाल तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाचा. आदिवासींवरचा भाग एखाद्या पानाचा आहे पण कडक आहे. संशोधन त्या लोकांच्याच उपयोगाचं हवं, जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विकास विभागासारख्या सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हवी, वस्तीच्या प्रमुखाची परवानगी हवी, आणि ती मिळाली तरी प्रत्येक माणसाची वेगळी संमती हवी. असुरक्षित गटांतली मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं अभ्यासात ओढू नयेत म्हणून जास्तीची काळजी घ्यायची. म्हणजे कातकरी गरोदर बायकांचं रक्त तपासायचा विचार असेल तर "का" याचं भक्कम उत्तर तयार ठेवा.

एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, वाडीवरचं पाऊल नंतर. समाजशास्त्राच्या विभागांत अनेकदा अशी कमिटीच नसते आणि मार्गदर्शक म्हणतात, "आपल्याला काय गरज, आपण रक्त थोडंच घेतोय." गरज असते. रक्तापेक्षा जमिनीची माहिती जास्त महागात पडू शकते.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय पेणला आहे. दवाखान्यातली माहिती हवी असेल तर अलिबागला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज. अंगणवाडीची वजनं हवी असतील तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. पत्राची पोच घ्या, झेरॉक्स तीन ठेवा.

एक चूक मात्र दर दुसऱ्या प्रस्तावात दिसते: "पेसा ग्रामसभेची परवानगी घेण्यात येईल." पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा, आणि रायगड जिल्हा अशी क्षेत्रं ठरवणाऱ्या पाचव्या अनुसूचीत नाही. पेसा डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याकडे लागू. वनहक्क कायदा मात्र दोन्हीकडे. हा फरक कागदापुरता नाही. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या कातकरवाडीची ग्रामसभा म्हणजे बहुतेक वेळा आख्ख्या ग्रुप ग्रामपंचायतीची ग्रामसभा, आणि तिथे वाडीचा आवाज मागच्या रांगेतसुद्धा नसतो. सरपंचांचं पत्र घ्या, पण त्यालाच वाडीची परवानगी समजू नका. संध्याकाळी माणसं कामावरून आल्यावर वाडीतच वेगळी बैठक घ्या.

वर्षाचं गणित वाडीचं, विद्यापीठाचं नव्हे

विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे फील्डवर्क येतं डिसेंबर-जानेवारीत. नेमकी तेव्हा वाडी रिकामी असते. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली घरं भट्टीवर निघतात. कुणी पनवेल-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, कुणी घाटावर, कुणी कोळसा पाडायला थेट कर्नाटकात. मागे राहतात म्हातारीकोतारी, आश्रमशाळेतली पोरं आणि ज्यांना कुणी उचलच दिली नाही अशी आजारी माणसं. शिमग्याला काही घरं येऊन जातात. खरी वाडी भरते ती पावसाच्या तोंडाला.

आता विचार करा. जानेवारीत तुम्ही घरोघरी जाऊन तपासणी केलीत आणि लिहिलंत, "वाडीत क्षयाचं आणि अशक्तपणाचं प्रमाण जास्त." ज्यांना भट्टीवर जाता आलं नाही तेच तुम्ही मोजले. किंवा उलट, लहान मुलांचं कुपोषण मोजलंत आणि ते कमी निघालं, कारण कुपोषित पोरं आईबरोबर भट्टीवर आहेत. दोन्ही निष्कर्ष चूक, आणि दोन्ही छापून येतात.

पावसाळा सुरू झाला की लावणी. तेव्हा कुणाला वेळ नसतो आणि ओढे भरले की कित्येक वाड्यांना जाता येत नाही. मिनीडोर डांबरी रस्त्यापर्यंत सोडते, पुढे चिखल तुमचा. माझ्या मते बरा काळ म्हणजे लावणी संपल्यापासून दसऱ्यापर्यंत. दुसरी फेरी मेच्या शेवटी, भट्टीवरून परतल्यावर. जमलं तर तिसरी फेरी भट्टीवरच करा, पण तिथे मालकाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि मालकासमोर कुणी खरं बोलत नाही. भट्टीवर नुसतं बघा. उचल, हिशेब, वेठबिगारी हे प्रश्न वाडीत परतल्यावर विचारा.

दिवस कुठला? आठवड्याचा बाजार सोडून. वेळ? सकाळी आठच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळेत मुलाखतीला बसवलंत तर त्या माणसाची मजुरी बुडते. ती भरून द्या आणि तसं प्रस्तावाच्या अंदाजपत्रकातच लिहा. चहा-बिस्किटांवर दिवस मागणं बरं नव्हे.

संमती: अंगठ्याची भीती

मी पहिल्यांदा रोह्याकडच्या एका वाडीवर संमतिपत्रं घेऊन गेले तेव्हा तासभर बायका हसत-बोलत होत्या. मी शाईचा पॅड काढला आणि अंगण रिकामं झालं. मला वाटलं, काहीतरी चुकीचं बोलले. नंतर एका मावशींनी सांगितलं, "सासऱ्याने असाच अंगठा दिलेला, जमीन गेली."

आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६-अ आहे. गेलेली जमीन परत मिळावी म्हणून १९७४ चा कायदा आहे. तरी जमिनी गेल्या, आणि जाताना कुठे ना कुठे अंगठा लागला. कित्येक कातकरवाड्या मुळात दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर वसलेल्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. गावठाण नाही, घराखालची जमीन नावावर नाही. मुंबईच्या जवळिकीने भाव चढले तसा मालक "उठा" म्हणायला लागला. अशा माणसापुढे तुम्ही छापील कागद धरून "इथे अंगठा द्या, काही नाही, अभ्यासासाठी आहे" म्हणता.

म्हणून पद्धत बदला. पहिल्या भेटीत कागद काढूच नका. दुसऱ्या भेटीत वाचून दाखवा, आणि "सदर अभ्यासात सहभागी होण्यास माझी स्वेच्छेने संमती असून" अशा मराठीत नको. "मी अमक्या कॉलेजातून आले. मी सरकारची नाही. माझ्याकडे घरकुल नाही, रेशन नाही. तुम्ही नाही म्हणालात तर तुमचं काही बंद होणार नाही. मी विचारलेलं सांगायचं नसेल तर सांगू नका." घरकुलाचं वाक्य गाळू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये असुरक्षित गटांना घरकुलं वगैरे देणारी केंद्राची पीएम-जनमन योजना आल्यापासून वाडीवर वही घेऊन येणारा प्रत्येक जण घरकुलाच्या सर्व्हेचा वाटतो, आणि त्या आशेवर दिलेली संमती ही संमती नव्हे.

वाचता न येणाऱ्यांसाठी तटस्थ, वाचता येणारा साक्षीदार लागतो. सरपंच, मुकादम, भट्टीमालकाचा माणूस, वनरक्षक यांतलं कुणीही तटस्थ नाही. वाडीतली शिकलेली मुलगी किंवा दुसऱ्या वाडीवरचा कार्यकर्ता बघा. अंगठ्याऐवजी आवाज रेकॉर्ड करून संमती घेण्याची सोय एथिक्स कमिटीकडून आधीच मंजूर करून घेता येते. मी आता तेच करते. आणि त्यांच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिते: "हा घरकुलाचा कागद नाही."

आरोग्याचे प्रश्न कसे विचाराल

वय विचारलंत तर "असंल चाळीस" असं उत्तर येईल. घटनांची दिनदर्शिका करून न्या, आणि ती स्थानिक हवी. सुधागडात जांभूळपाड्याचा पूर, जुलै १९८९. महाडकडे २००५ च्या जुलैतल्या दरडी. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. निसर्ग वादळ, ३ जून २०२०. "पुराच्या वेळी तुझं लगीन झालेलं का? पोर कडेवर होतं की चालत होतं?" यातून वय वर्षा-दोन वर्षांच्या फरकाने हाती लागतं. लहान मुलांसाठी मात्र अंगणवाडीचं रजिस्टर आणि लसीकरण कार्ड बघाच. वय चुकलं की वजनाचा अख्खा तक्ता चुकतो.

आहाराच्या प्रश्नावलीत "पालेभाजी आठवड्यातून किती वेळा" असं विचारतात. उत्तर येतं, "नाय खात." कारण पालेभाजी म्हणजे बाजारातली मेथी-पालक. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, कोरळ, लोत हे त्यांच्या हिशेबी नुसतं रानातलं. तसंच "मांसाहार" म्हटलं की कोंबडी-बोकड. ओढ्यातले खेकडे, खाडीतले निवटे, शेतातले उंदीर कुणी त्यात धरत नाही. नावं घेऊन विचारा, ऋतू धरून विचारा. श्रावणात आणि मार्चमध्ये त्याच घराचं ताट निराळं असतं. कडूकंद चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मग खातात. त्याची मेहनत किती आणि तो कोणत्या महिन्यात खाल्ला जातो, हे विचारलंत तर घरातलं धान्य कधी संपतं तेही कळतं, "तुमच्याकडे उपासमार होते का" असं न विचारता.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर ते तीव्र कुपोषण. तो आकडा वहीत टिपून पुढच्या घरी जायचं नाही. त्याच दिवशी अंगणवाडी ताईंना आणि आशाताईंना कळवायचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोर पोचलं का ते बघायचं. हे तुमच्या प्रस्तावातच लिहून ठेवा, नाहीतर ऐनवेळी मार्गदर्शक म्हणतील की याने नमुन्यावर परिणाम होतो. होऊ दे.

रक्ताचं काम असेल तर जास्त जपा. जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि आदिवासी भागांत तपासण्या वाढल्यात. सिकलसेलचा वाहक असलेली मुलगी आजारी नसते. पण वाहक असल्याचं चारचौघांत कळलं तर तिचं लग्न अडतं. निकाल खासगीत, समजावून आणि लेखी द्या. शाळेच्या भिंतीवर यादी लावलेली मी पाहिलेली आहे.

आणि उरलेल्या रक्ताचं काय करणार? अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई लोकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. तेच नमुने पुढे ॲरिझोना स्टेट विद्यापीठात स्किझोफ्रेनिया आणि त्यांचे पूर्वज कुठून आले या अभ्यासांना वापरले गेले. त्यांच्या स्वतःच्या कथेप्रमाणे ते त्या दरीतच जन्मले, आणि त्यांच्याच रक्ताने त्यांना परदेशातून आलेले ठरवलं. २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर आणि नमुने परत. संमतिपत्रात एक ओळ घाला: तपासणी झाल्यावर उरलेलं रक्त नष्ट केलं जाईल. ठेवायचंच असेल तर कशासाठी आणि किती वर्षं ते सांगा आणि वेगळी संमती घ्या.

भाषा

कातकरींची स्वतःची बोली आहे, मराठीला जवळची पण मराठी नव्हे. तुमच्याशी ते मराठीत बोलतील आणि तुम्ही वळलात की आपसात कातकरीत. खरं उत्तर बहुतेक दुसऱ्या बोलण्यात असतं. वाडीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुला-मुलीला सोबत घ्या, नीट पगार द्या, अहवालात नाव घालू का ते त्यांनाच विचारा. त्यांनी प्रश्नावली आधी वाचली तर निम्मे प्रश्न तिथेच बाद होतील.

काय लिहायचं नाही

लोक तुमच्यावर विश्वास टाकतात आणि सगळं सांगतात. सशाची शिकार कशी केली, घोरपड कुठे मिळते, हातभट्टी कुणाच्या परसात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, दारूबंदीचा १९४९ चा. शिकारीच्या कौशल्यावर तुम्ही प्रेमाने लिहिलेला परिच्छेद, वाडीच्या नावासकट, म्हणजे कुणावर तरी गुन्हा दाखल करण्याचा कच्चा माल. तेच जीपीएसचं. जंगलातल्या शेताचे बिंदू नकाशावर टाकताना ते पट्टे १३ डिसेंबर २००५ या वनहक्क कायद्याच्या मुदतीआधीचे आहेत का, दावे दाखल आहेत का, नकाशा कुणाच्या हाती जाणार, हे वनहक्क समितीबरोबर बसून ठरवा. त्यांनी नको म्हटलं तर नको.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असंही नाही. तीस-चाळीस घरांच्या वाडीत "तिशीतली विधवा, दोन मुली, पती भट्टीवर दगावला" एवढं लिहिलंत की तालुक्यात सगळ्यांना कळतं. वाडीचं नावच गाळा, दोन-तीन माणसांचे तपशील एकमेकांत मिसळा. फोटो तर बहुतेक लागतच नाहीत. नागड्या पोराचा फोटो मुखपृष्ठावर घालायचा मोह आवरा.

आणि आपत्तीनंतर लगेच धावू नका. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ठाकूर समाजाची वाडी गाडली गेली. त्यानंतर मला दोन फोन आले, "ट्रॉमावर स्टडी करायचाय." दोघांनाही मी सांगितलं, वर्षभर थांबा, आणि जायचंच असेल तर वही न घेता जा.

परत जाणं

प्रबंध सादर झाला, पदवी मिळाली, आता वाडीवर परत जा. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची नियमावलीच जाहीर केली. त्यांची मोठी तक्रार हीच, की लोक येतात, घेतात आणि दिलेला शब्द न पाळता जातात. आपल्याकडच्या वाडीला असा कागद लिहायला कुणी बसवलेलं नसतं, म्हणून पहिल्या बैठकीतच विचारा, "तुम्हाला यातून काय परत हवंय?" मला आलेली उत्तरं साधी होती. रेशनच्या याद्यांत कुणाची नावं नाहीत ते लिहून द्या. दाव्याच्या फाइलला म्हाताऱ्यांचे जबाब टाइप करून द्या. भट्टीवर गेलेल्या पोरांचं शाळेत नाव राहील का ते विचारून या.

इंग्रजी प्रबंधाची बांधीव प्रत सरपंचांना भेट देऊन फोटो काढणं म्हणजे परत जाणं नव्हे. मराठीत चार पानं करा, मोठ्या अक्षरांत. काय सापडलं, काय सापडलं नाही, आणि ती कुणाकुणाला दिली. छापण्याआधी वाडीत वाचून दाखवा. एका वाडीवर मी असंच वाचत होते, भगताच्या औषधांचा भाग आला तेव्हा मागून एक आजी म्हणाली, "ह्या झाडाचं नाव काढ." मी कारण विचारलं. "उद्या गाडी घेऊन येतील नि मुळासकट नेतील." मी ते नाव काढलं. आजतागायत कुठे लिहिलेलं नाही.

चार पानांच्या तीसेक प्रती काढा आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून द्या. कुडाच्या घराला पावसात गळती लागते, कागद भिजतो.